आवाज नेमका कधी सुरू झाला?

यंत्रमानवाचा हात थरथरत नाही. सव्याचा तर नाहीच नाही. आप्पांच्या जुन्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन घरी आलेला हा सव्या एका सेकंदाला बरोबर एक अंश, याच गतीने नॉब (आवाज लहान-मोठा करायचं फिरतं बटण) फिरवू शकतो. मग त्या दुपारी त्याने तो नॉब फिरवला, तरी आवाज एकदम अंगावर का आला? वल्लरी कान टवकारून बसली होती.

त्यामागची हकीकत आधी सांगायला हवी. वल्लरीचे आजोबा, म्हणजे आप्पा, मिरजेतले ध्वनिशास्त्रज्ञ. त्यांचा जीव कशात होता म्हणाल, तर कपाटाएवढ्या एका सिंथेसायझरमध्ये (विजेच्या लहरींपासून सूर बनवणारं वाद्य). तोही सुट्या सुट्या खणांचा. एक खण सूर तयार करतो, दुसरा त्याचा पोत बदलतो, तिसरा आवाज सोडतो, आणि मध्ये रंगीत तारांचं हे एवढं जंजाळ. दरवर्षी गावच्या संगीतसभेत आप्पा त्यावर एकच षड्ज लावत. तो शांततेतून इतका हळू वर येई, की कधी सुरू झाला हे कुणालाच सांगता येत नसे. लोक त्यासाठीच येत.

यंदा तो षड्ज धाडकन आला. पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं. आप्पांनी शांतपणे वाद्य बंद केलं, घरी आले, आणि आपल्या थरथरत्या बोटांकडे बराच वेळ पाहत राहिले. सत्त्याहत्तर वर्षं झाली, आता हात गेले, असं ते वल्लरीच्या आईला म्हणाले. मग हे वाद्य घेऊन जा, असं पत्र त्यांनी संग्रहालयाला लिहिलं. रविवारी सकाळी गाडी येणार होती. जाण्याआधी सगळे खण नीट चालतात ना, हे सव्याकडून तपासून घ्यायचं, म्हणून ही शनिवारची दुपार.

आणि आता न थरथरणाऱ्या हातातूनही आवाज तसाच उसळला होता. म्हणजे दोष हाताचा नव्हताच! आनंदाने उडी मारावी अशी गोष्ट, पण वल्लरी जागची हलली नाही. तो नॉब दिवाळीच्या सुट्टीत कुणी बदलला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनेच बदलला होता. जुना नॉब खरखरायला लागला, तेव्हा आप्पांनी घरच्या घरी दुरुस्ती करायचा एक संच आणून तिच्या हाती सोपवला होता. त्यात दोन पोटेन्शिओमीटर होते (नॉबच्या खाली दडलेला, विजेचा दाब कमी-जास्त करणारा भाग). दिसायला जुळे भाऊ. फरक फक्त पाकिटावरच्या आलेखात. एकावर पट्टीने आखल्यासारखी रेघ, दुसऱ्यावर आधी जमिनीलगत सरपटत जाणारी आणि शेवटी ताडकन वर चढणारी वाकडी रेघ. शाळेत नुकतेच सरळ रेषेचे आलेख झाले होते, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. वाकडी वस्तू कोण बसवेल? तिने सरळ रेघेचा बसवला. वाकड्याचं पोट आत काय आहे ते बघायला फोडून टाकलं. आप्पांनी तपासलंसुद्धा नाही, कारण काम वल्लरीने केलं होतं.

आप्पा तेव्हा बाहेर अंगणात होते; ती गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. आप्पा मात्र जन्मभर आपल्या हातांनाच दोष देत राहिले असते. ती उठून अंगणात गेली.

"आप्पा, तुमचे हात नाही बिघडले. मी चुकीचा भाग बसवलाय."

आप्पांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. आत येऊन सव्याला त्यांनी दाब मोजायला सांगितला. पाव फेऱ्याला पाव दाब, अर्ध्याला अर्धा, पाऊणला पाऊण. अगदी शिस्तीत. वल्लरीला कळेना. दाब जर सारखा वाढतोय, तर आवाज का उडी मारतो?

मग आप्पांनी तिला एक चित्र डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. अंधारी खोली, एक पणती. दुसरी लावली की उजेड दुप्पट, लगेच जाणवतो. पण शंभर पणत्या जळत असताना एकशेएकावी लावली, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही वेळा वाढली एकच पणती. कानाचंही तसंच असतं. आवाज कितीने वाढला याच्याशी कानाला फारसं देणंघेणं नसतं. तो कितीपट झाला, हे कान ऐकतो. म्हणून सरळ रेघेच्या नॉबमध्ये कानाला जाणवणारी जवळजवळ सगळी वाढ पहिल्या पाव फेऱ्यातच उरकते. तिथे बोट जरा हललं, की संपलं. उरलेला नॉब फिरवा नाहीतर नका फिरवू.

"म्हणजे वाकडी रेघ कानासाठी होती?" वल्लरीने विचारलं. आप्पांनी मान डोलावली. पण तो भाग तर तिने फोडला होता, आणि नवा यायला आठवडा लागला असता.

आप्पांनी संचातून तांदळापेक्षा थोडा मोठा एक रोधक (विजेच्या प्रवाहाला अडवणारा भाग) काढला. पोटेन्शिओमीटर एक लाख ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायचं माप), हा दहा हजारांचा. पोटेन्शिओमीटरच्या तीन टोकांपैकी मधलं टोक आणि शून्य दाबाचं टोक यांच्यामध्ये तो जोडायचा. विजेला खाली जायला एक जादा वाट मिळते, आणि मधल्या टोकावरचा दाब दबून राहतो. डाख द्यायचं काम (वितळलेल्या धातूने जोड पक्का करणं) त्यांनी सव्याला करू दिलं नाही. वल्लरीनेच करायचं, म्हणाले.

सव्याने पुन्हा मोजलं. पाव फेऱ्याला आता दहावा हिस्सासुद्धा नाही. अर्ध्याला जेमतेम सातवा. पूर्ण फिरवल्यावर मात्र पुरेपूर. आप्पा म्हणाले, विकतच्याइतकी नेमकी वक्ररेघ नाही, पण कानाला चालेल.

वल्लरीच्या डोक्यात तोवर दुसरंच चक्र सुरू झालं होतं. रोधक बदलला की रेघ बदलते. मग ज्यांचे हात फारच थरथरतात, त्यांच्यासाठी वेगळी रेघ का नको? प्रत्येक हाताची थरथर मोजून तशा रेघेचा संच का बनवू नये? आप्पांनी तिला हे वहीत लिहून ठेवायला लावलं आणि वर तारीख घालायला सांगितली.

मग ते वाद्यासमोर बसले. बोटं अजूनही थरथरत होती, ती काही एका दुपारीत तरुण झाली नव्हती. वल्लरीने डोळे मिटले आणि श्वास रोखून वाट पाहिली. बाहेर रिक्षा गेली. शेजारी कुकरची शिट्टी झाली. काहीच ऐकू येईना, तिचा धीर सुटत चालला.

"आप्पा, सुरू करा ना."

"कधीचं सुरू केलंय," आप्पा म्हणाले.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की खोली केव्हापासूनच षड्जाने भरलेली होती.