काचेतला बिबट्या

"बगळा कसा झालाय?" तोंडावरचं फडकं खाली ओढत बाबांनी विचारलं.

ठकीने काचेकडे पाहिलं. वाळूच्या फवाऱ्याने कोरलेला बगळा लव्हाळ्यात एका पायावर उभा होता. डॉक्टरबाईंच्या नव्या बंगल्यातल्या दोन दरवाजांपैकी हा दुसरा. पहिल्यावरचा बगळा याच्याकडे बघणारा होता.

"बरा आहे," ती म्हणाली.

"बरा? म्हणजे ताप उतरला का त्याचा?"

भोपू खो खो हसला. ठकीचा हा चुलतभाऊ हसला की अख्ख्या गल्लीला कळायचं. "काका, हिच्याकडून 'सुंदर' ऐकायचं तर बगळ्यालाच लाच द्यावी लागेल!"

"आणि बिबट्या कधी येणार?" शेपटाने विचारलं. हा ठकीचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे मागे, म्हणून शेपूट.

बिबट्या हा कारखान्यातला खेळ होता. कोरलेली काच भट्टीत तापवून झटकन गार केली की कणखर होते. फुटलीच तर तिचा साखरेसारखा भुगा होतो, माणसाला कापत नाही. आणि अशी काच आकाशासमोर धरून बाबांच्या चकाकी अडवणाऱ्या काळ्या चष्म्यातून पाहिली, की तिच्यात बिबट्यासारखे करडे ठिपके उमटतात. कच्च्या काचेत मात्र काही म्हणजे काही दिसत नाही! भट्टीतून परत आलेल्या प्रत्येक काचेतला बिबट्या शोधायचा मान पोरांचा.

"या खेपेला नाही रे शेपट्या. ठेकेदाराला घाई आहे. तो काचा भट्टीतून परस्पर बंगल्यावर नेणार."

बाबांनी चष्मा खिळ्याला अडकवला आणि सगळे जेवायला गेले.

त्याच आठवड्यात बाबा दरवाजे बसवायला गेले. दुसरा दरवाजा बसला. पहिला चढवताना त्याची काच बाबांच्या अंगावर फुटली, आणि बाबा पुन्हा कधी घरी आले नाहीत.

ठेकेदार आईला भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाला, "वहिनी, माणूस सोन्यासारखा. पण नक्षी फार खोल कोरली हो. हौस नडली."

'हौस नडली' हे दोन शब्द गल्लीभर फिरले. किराणावाल्याच्या तोंडी तेच, शेजारच्या मावशींच्या तोंडी तेच.

बाबांची हत्यारांची पिशवी परत आली, तेव्हा ती ठकीनेच उघडली. तळाशी काचेचा एक तुकडा अडकला होता. लांब, टोकदार. त्यावर बगळ्याची चोच.

"भोपू, भट्टीतली काच कशी फुटते?"

"साखरेसारखी. का गं?"

"मग ही सुरी कुठून आली?"

पहिल्यांदाच भोपूचा आवाज खाली आला. "म्हणजे काच भट्टीत गेलीच नाही?"

"आणि दुसरी अजून तिथे लटकतेय!" ठकीने खिळ्यावरचा चष्मा काढला.

तिघं पोहोचली तेव्हा बंगल्यात सामान लागत होतं. अंगणाकडच्या दरवाजाला तळवे टेकून डॉक्टरबाईंचा रांगता नातू बगळ्याशी बोलत होता. ठकीने धावत जाऊन त्याला उचललं.

"अगं, हे काय?" डॉक्टरबाई दचकल्या.

"मी काचवाल्यांची मुलगी. आधी या चष्म्यातून तुमच्या गाडीची मागची काच बघा. मग हा दरवाजा."

डॉक्टरबाईंनी चष्मा लावला. "अरेच्चा, गाडीच्या काचेत ठिपके आहेत!" मग त्या दरवाजाकडे वळल्या. "इथे काहीच नाही."

"पोरखेळ आहे हो!" आतून ठेकेदार आला. "काच दगडासारखी आहे. मी स्वतः भट्टीतून आणलीय."

"मग बरंच झालं," ठकी म्हणाली. तिने नातवाला डॉक्टरबाईंकडे दिलं आणि ती ठेकेदाराकडे वळली. "तुम्ही इथे उभे राहा. बाबा उभे होते तसे, काचेला खेटून. भोपू दरवाजा जोरात आपटेल."

भोपूने मूठ धरून दरवाजा मागे खेचला. "एक... दोन..."

"अरे ए! थांब!" ठेकेदार उडी मारून बाजूला झाला. "फुटेल ना ती!"

"दगड फुटतो होय काका?" शेपटाने विचारलं.

भोपूने दरवाजा अगदी हळू टेकवला.

"भट्टीवर गर्दी होती," ठेकेदार जमिनीकडे बघत पुटपुटला. "तुमची तारीख गाठायची होती बाई. मला वाटलं, काही होत नाही."

"झालं ना पण," ठकी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे पोलिसांना फोन लावला.

उरलेला दरवाजा उतरवून भट्टीवर पाठवला. बाबांनी खरंच खोल कोरलं असेल, तर तो आतच तडकणार होता. सगळे बाकावर बसून राहिले. आईसुद्धा आली होती.

भट्टीवाले आजोबा हातमोजे काढत बाहेर आले. "कोण म्हणतं हौस नडली? साधा तडासुद्धा गेला नाही! मापात कोरलंय." त्यांनी भोपूच्या पाठीवर थाप मारली. "आम्ही मोठ्यांनी बघायचं, ते तुम्ही पोरांनी बघितलंत रे."

"तुमच्यामुळे माझा नातू वाचला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आईने नुसता ठकीच्या डोक्यावर हात ठेवला.

काच अंगणात आणली. ठकीने काळा चष्मा लावला. लव्हाळ्यात, बगळ्याच्या मागे, करडे ठिपके हळूच उभे राहिले.

"आला?" शेपटाने विचारलं.

"आला."

एरवी बाबा अशा वेळी विचारायचे, कसा झालाय? ठकीने जरा वाट पाहिली.

"सुंदर झालाय, बाबा," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.