हलका म्हणजे वजनाला

गुरुवारी दुपारचे बारा वाजेपर्यंत माझं मौन असतं. नववीत असताना धरलेलं व्रत, ते एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत तसंच चालत आलं. म्हणून अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मी शिरले ती तोंड मिटून आणि वही उघडून.

काउंटरमागे एक तरुण रबरी फुग्याने लेन्सवरची धूळ उडवत बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "बोला, ताई."

मी वही पुढे सरकवली. 'हलका कॅमेरा पाहिजे.'

त्याने वाचलं. कपाळाला बारीकशी आठी पडली. "हलका माल आमी ठेवत नाई. भारीतला दाखवू का?"

मी मान हलवली आणि 'हलका' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. हलक्याचा एवढा हट्ट धरणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. आता त्याने नीट माझ्याकडे पाहिलं... वहीकडे पाहिलं... आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"नितेश, थांब जरा," तो माझ्यासमोरच, अगदी निर्धास्तपणे बोलू लागला. "दुकानात एक मुकी पोरगी आली हाये. ऐकूही येत नसन बिचारीले. हलका कॅमेरा मांगून राहिली... नाई रे, हसू नको. तिचे डोये पाह्यले असते तं तूही चूप बसला असता. असे डोये म्या आजलोक कोन्या लेन्समधून पायले नाई."

माझे कान तापले. उठून निघून जावं असं वाटलं. पण मला कॅमेरा हवा होता, आणि हातात दिवस थोडे होते. मी वहीत लिहिलं, पान फाडलं आणि त्याच्या हाताखाली सरकवलं.

'हलका म्हणजे वजनाला. पतंगाला बांधायचा आहे. आणि मला ऐकू येतं.'

त्याने ते वरून खाली वाचलं. मग शेवटची ओळ परत वाचली. फोनमधून नितेश अजून हॅलो हॅलो करत होता.

"ठेव तू," तो फोनला म्हणाला. मग मला, अगदी हळू, "मंग बोलत कावून नाई?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. बाराला वीस मिनिटं होती. 'गुरुवार. बारापर्यंत मौन.'

तो स्टुलावर बसला. "मंग मीही गप बसतो," तो म्हणाला. "बोलून पायलं, काही जमलं नाई."

आणि खरंच, वीस मिनिटं तो बोलला नाही. शेजारच्या सराफाकडून त्याने छोटा काटा मागून आणला. एकेक कॅमेरा काढायचा, पट्टा सोडायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा माझ्याकडे वळवायचा. मी मान हलवली की बाजूला. पुढचा. पंखा फिरत होता, बाहेर ऊन पांढरं झालं होतं... आणि दोन माणसं एका काट्यावर वाकून बसली होती. माझं मौन इतकी वर्षं माझं एकटीचं होतं. त्या दिवशी प्रथमच ते कुणीतरी सोबत पाळत होतं.

बारा वाजले.

"तो डोळ्यांचा विषय आपण सोडून देऊ," मी म्हणाले.

माझा आवाज ऐकून तो हातातला कॅमेरा काट्यावर ठेवायचा विसरला. "सोडला," तो म्हणाला. "म्हंजे... बोलाचा सोडला."

त्याचं नाव कुलदीप. दुकान त्याचंच, आणि नितेशला सोबत घेऊन लग्नांचं शूटिंगही तोच करायचा. त्याने साहजिकच विचारलं, "पतंग कायले? ड्रोन नाई का?"

"तुमचा आहे ना, द्या."

तो हसला. "तो मे महिन्यालोक वरातींवरून फिरून राहिला. अकोल्यातले सगळेच ड्रोन नवरदेवांच्या डोक्यावर हायेत."

"म्हणूनच पतंग."

मग मी त्याला सगळं सांगितलं. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाण पट्ट्यातलं. जमीन काळीभोर, पण विहीर खणली की पाणी खारट लागतं. बाबांनी, खुशालराव त्यांचं नाव, या उन्हाळ्यात शेततळं खोदायचं ठरवलं होतं. पावसाचं गोड पाणी साठवायला दुसरा मार्गच नाही. खोदायचं मशीन येता मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारी येणार होतं, आणि बाबांनी जागा धरली होती रस्त्याकडची. एम.एस्सी.ला माती शिकता शिकता मला मात्र वाटत होतं की तिथे पाणी येणारच नाही. आमच्या वावरातून कधीतरी एखादा नाला वाहत असावा, आणि पाणी अजून त्याच वाटेने जात असावं. पण ती वाट जमिनीवर उभं राहून दिसत नाही. पन्नास-साठ मीटरवरून दिसेल. तळं चुकीच्या जागी खोदलं तर पुन्हा खोदायची ऐपत आमची नाही.

"म्हंजे एकच डाव हाये," कुलदीप म्हणाला.

"एकच."

त्यानंतर तो चेष्टा विसरून कामाला लागला. मोठा कॅमेरा पतंग उचलणार नाही, तो आधीच बाद. मग त्याने काडेपेटीएवढा एक काढला, सायकलवाले हेल्मेटवर लावतात तसला. "हा वजनाले काहीच नाई. पण याले लय रुंद दिसते, कडा वाकवून टाकते. धुरा गोल येईन. तुमचे बाबा म्हनतीन, पोरीनं वावराचा पापड केला."

"मोबाईल?"

"पडला तं? मंग मी फोन कोनाले करू?"

त्याचं त्यालाच कळलं काय बोललो ते. तो घाईने ड्रॉवरमध्ये खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. वर आला तेव्हा हातात एक जुना, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा होता. स्क्रीन काळी, तडकलेली.

"याची स्क्रीन गेली म्हनून कोनी घेत नाई. पण वर आभायात कोन पाहाले बसलं हाये? लेन्स चोख हाये, कडा सरळ येते. पतंग डोलते, म्हनून शटर लय जलद ठेवू. आन हा आपल्या मनानं दर पाच सेकंदाले फोटो काढते, खालून बटन दाबाची गरज नाई."

काट्यावर बॅटरीसकट एकशे सत्तर ग्रॅम. पाच सेकंद म्हणजे किती, ते मी मनात मोजून पाहिलं. जपाचा एक मणी सरकवायला मला साधारण तेवढाच वेळ लागतो.

"हाच," मी म्हणाले.

"घेऊन जा. ईकाचा नाई हा, काम झालं की आनून द्या," तो म्हणाला. माझं नाव आणि नंबर लिहून घेऊन दारापर्यंत आला. "पौर्णिमाजी, एक इच्यारू? दर गुरुवारी बारापर्यंत का?"

ताई म्हणणं त्याने कधी सोडलं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "दर गुरुवारी," मी म्हणाले.

पुढच्या गुरुवारी बाराला एक मिनिट झालं, आणि माझा फोन वाजला.

"सुटलं का मौन?"

"सुटलं."

"मंग बोला."

"काय बोलू?"

"काहीबी. म्या माह्यं बोलनं सकायपासून ठेवून देल्लं हाये, पयले तुमचं होऊ द्या..."

पतंग करून दिला इनायतुल्ला चाचांनी. संक्रांतीला अर्धं अकोला त्यांच्याकडे येतं. सहा फुटी पतंग, कापडाचा, त्याला मांजा नव्हे तर साधी जाड दोरी. कॅमेरा पतंगाला नाही, दोरीला टांगायचा, पतंगाच्या वीस हात खाली, म्हणजे हिसके कमी बसतात, ही युक्तीही त्यांचीच. त्यांनी एकदा कुलदीपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "दोर ढीला रख्खो बेटा, पर छोडो मत." ते पतंगाबद्दलच बोलत असावेत.

आता फक्त एका सरीची वाट होती. कोरडं वावर वरून सारखंच दिसतं. पण सर पडून गेली, माती वाळायला लागली, की क्षार पांढरा होऊन वर येतो, आणि जिथे पाणी मुरतं तिथे माती उशिरापर्यंत काळी राहते. मी गावी येऊन रोज तुळशीला पाणी घालताना आभाळ बघत होते. शनिवारी संध्याकाळी, दिवा लावताना, टपटप आवाज आला. अर्धा तास अवकाळी पाऊस पडला. मी कुलदीपला फोन केला.

"उद्या धामणगावले लग्न हाये माह्यापाशी," तो म्हणाला. मी मंगळवारची आठवण दिली. तर म्हणाला, "नितेशले धाडतो. नवरदेव काही पयून जात नाई. ओलं वावर जाते."

रविवारी सकाळी नऊला तो आमच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा होता. बाबा हात मागे बांधून बघत होते.

"जमीन पायानं समजते, बाप्पा," बाबा म्हणाले. "वरून तं घारीलेही दिसते. तिनं कोनतं तयं खंदलं?"

"खरं हाये, काकाजी," कुलदीप म्हणाला. "पण घारीले आपुन कधी इच्यारलं नाई."

बाबा हसले नाहीत, पण गेलेही नाहीत.

पहिल्या खेपेला कॅमेरा गरगर फिरला. उतरवून कार्ड लॅपटॉपला लावलं, तर आभाळ, बाभळीचं झाड, माझी चप्पल. मशीन परवा येणार होतं, आणि ऊन चढत होतं, माती वाळत होती. मी दोन काड्यांची फुली बांधली, तिच्या चार टोकांना दोऱ्या लावल्या आणि मधोमध कॅमेरा बसवला. कुलदीपने दोरीला ढील दिली. वाऱ्याने पतंग असा ओढला की दोरी त्याच्या तळहातातून सर्रकन गेली. त्याने दोरी सोडली नाही. पण बोटातून रक्त आलं.

माझ्या पर्समध्ये वातींचा कापूस असतो. रोज वळते मी. तोच त्याच्या बोटाला गुंडाळला, हळू हळू, वातीसारखाच.

"पेटवू नका म्हंजे झालं," तो म्हणाला.

"हलू नका."

"मी कुठं हालून राहिलो... पतंग हालते."

वर कॅमेरा आता शांत टांगला होता. आम्ही दोघं दोरी धरून धुऱ्यावरून चालत राहिलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मनातल्या मनात मणी मोजत होते. एक नाम, एक फोटो. ओल्या मातीचा वास येत होता, आणि कितीतरी वेळ कुणीच काही बोललं नाही. रविवार असूनही.

ओसरीवर लॅपटॉप उघडला. निम्मे फोटो वाकडे, काही धुरकट. मग एक आला. कुलदीपने बोट उचलून स्क्रीनवर न टेकवताच धरलं. रस्त्याकडची जागा, बाबांनी धरलेली, पांढरी पडली होती, मीठ सांडल्यासारखी. आणि उत्तरेच्या धुऱ्यापासून वावराच्या मधून, सापाच्या चालीसारखा, एक काळा ओलसर पट्टा वळत गेला होता.

बाबा स्क्रीनजवळ वाकले. मग म्हणाले, "हा लेंडी नाला हाये. मी पाच-सात वर्साचा असीन. बैलं धुवाले नेत होते त्याच्यात. मंग बुजवला, वावर सरकं केलं..." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा मात्र पुसला. "इसरूनच गेल्तो मी."

ते उठले, चपला काढल्या आणि तसेच वावरात गेले. काळ्या पट्ट्यावरून अनवाणी चालत गेले, थांबले, टाच दाबली, पुन्हा चालले. परत आले ते चिखलाचे पाय घेऊन.

"इथंसा नरम लागते," ते म्हणाले. "मशीनवाल्याले सांगा, रस्त्यापाशी नाई. इकडं."

मंगळवारी तळं तिथेच खोदलं.

जून गेला, जुलै गेला. गुरुवारी बारा वाजता फोन वाजत राहिला. आम्ही पावसाचं बोलायचो, तळ्यात किती हात पाणी आलं ते बोलायचो, आणि बाकीचं दोघंही ठेवून द्यायचो. ऑगस्टच्या शेवटी तळं काठोकाठ भरलं. रस्त्याकडच्या शेजाऱ्याचं मात्र अर्धंही भरलं नव्हतं. बाबांनी स्वतः फोन करून कुलदीपला बोलावलं. "तयं पाहून जा," म्हणाले.

तो आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. गळ्यात कॅमेरा नव्हता. तळ्याच्या काठावर बाबा आणि तो उभे राहिले. पाण्यात ढग होते, कडेला कपाशीची पऱ्हाटी हिरवीगार.

"पौर्णिमा, पाव्हण्याले पानी दे," बाबा म्हणाले. "याच तयाचं."

तुरटी फिरवून, गाळून, उकळून गार केलेलं पाणी मी तांब्यात आणलं. आमच्या घरी खारट पाणी प्यायलेले पाहुणे पहिल्या घोटाला थांबतात, ते मी लहानपणापासून पाहत आले होते. तो थांबला नाही. सगळं प्यायला. मग तांब्या हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं.

"गोड हाये," तो म्हणाला.

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. "पान्याले म्हनून राहिले का पोरीले?"

मी पदर नसताना पदर शोधला. कुलदीप लाल झाला, कानापर्यंत. वाटलं, आता हा हसून काहीतरी टोलवून देईल. पण त्याने तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"पान्याचं सांगाले अकोल्यावरून कोन येते, मामाजी?"

मामाजी. आमच्याकडे सासऱ्यांना म्हणतात तसं. कुठेतरी बेडूक पाण्यात उडी मारून गेला आणि वर्तुळं आमच्या पायांपर्यंत येऊन विरली. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. एवढंच उत्तर मला देता आलं.

"तो तांब्या पयले खाली ठेवा," बाबा शेवटी म्हणाले. "आन चाला घरी. असं काठावर उभं राहून पोरी मांगत नसतात."