पटाशी आत असताना

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मीठमसाला लावायची मला सवय नाही. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली ही खरी गोष्ट आहे. आणि रात्री-अपरात्री नाही… भर दुपारी तीन वाजता, त्यांच्या लेथवर.

मामा लाकडाचे शोभेचे गोळे करतात. लिंबाएवढे, आतून पोकळ. बोट जाईल एवढंच तोंड. गोळा लेथवर गरगर फिरत असताना त्यातून वाकडी पटाशी घालून आतलं लाकूड कोरायचं. आत काही दिसत नाही, सगळा खेळ कानाचा. भिंत पातळ होत गेली की आवाज बारीक होत जातो. वेळीच थांबलं नाही तर गोळा फुटतो.

म्हणून घरात एकच नियम. पटाशी आत असताना मामांना हाक मारायची नाही.

मामींनी तो तीस वर्षं पाळला. मागच्या खोलीत बसून त्या गोळ्यांना पॉलिश करायच्या. म्हणायच्या, "घराला आग लागली तरी मी यांची पटाशी बाहेर यायची वाट बघीन बाई!"

गेल्या वर्षी त्या मागच्या खोलीतच गेल्या. हार्ट अटॅक.

मामा येईल त्याला एकच सांगायचे, "लेथ चालू होता. मला काही ऐकूच आलं नाही हो."

आम्ही माना डोलावल्या. डास शिंकला तरी ऐकू येणारा माणूस… पण अशा वेळी कोण कशाला विचारतंय?

तीन महिन्यांनी मामांनी पुन्हा लेथ चालू केला. मागच्या खोलीत आता त्यांची लेक, आमची ताई, पॉलिशला बसली.

पहिलाच गोळा. आवाज बारीक होत आला…

"अहो…"

मामांनी कान गोळ्याजवळ नेला.

"अहो, जरा येता का…"

हाक गोळ्याच्या आतून येत होती.

"अहो…"

फट्! गोळा फुटला. मामांनी लेथ बंद केला. सगळं चिडीचूप.

दारात ताई उभी. पांढरीफटक.

"बाबा, आई हाका मारत होती… आणि तुम्ही म्हणालात, थांब गं, होतच आलंय."

मामांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

ते वाक्य मामी गेल्या त्या दिवशीचं होतं. मामींशिवाय ते कुणी ऐकलं नव्हतं.

मामांनी हातातली पटाशी खाली ठेवली. "ऐकू आलं होतं गं मला. तीनदा. जिनं जन्मात हाक मारली नाही ती मारतेय, म्हणजे काहीतरी झालंय, एवढं कळत होतं. तरी म्हटलं, एवढा गोळा होऊ दे. मग हाका थांबल्या… आणि मला बरं वाटलं गं. पापी आहे मी."

ताई दारातून आत आली.

"तीन नाही, बाबा. मला चार ऐकू आल्या. चौथी तुम्हाला नव्हती… मला होती."

मामी गेल्या तेव्हा ताई बाजारात गेली होती.

मामांना नंतर कधी हाक आली नाही. ताईला मात्र येते. रोज, तीनच्या सुमारास. ती लगेच ओ देते, मागच्या खोलीत जाते, दार लोटून घेते. आतून बोलणं ऐकू येतं…

दोघींचं.

परवा मीही तिथे होतो. मामा दाराबाहेर उभे. कडी नव्हती, नुसतं ढकलायचं होतं.

"मामा, जा ना आत," मी म्हटलं.

"मला कुठे बोलावलंय रे तिनं?" ते म्हणाले.

मी चपला घातल्या आणि निघालो. अजून त्यांना फोन करायचा धीर होत नाही.