कोंबडीबाई, सोबत कोण?

मेल्ड्रीनचं लक्षच नव्हतं हो! किंग्स्टनच्या भर उन्हात बर्फाचा गोळा चोखत ती आपल्या शिशुवर्गासाठी स्वतः रचलेलं बडबडगीत गुणगुणत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी चक्क टाळीने ठेका धरला. तोही ठोक्यावर नाही... दोन ठोक्यांच्या मधोमध!

‘कोंबडीबाई, निघाली कुठं?
डोंगरापल्याड बाजार जिथं!
कोंबडीबाई, सोबत कोण?
मी न् माझी पिल्लं दोन!’

“बाई, यावर अख्खं शहर नाचेल,” तो म्हणाला. हातात ट्रॉम्बोनची पेटी, डोळ्यांत मिस्कील हसू. एव्हर्टन त्याचं नाव.

“अहो, हे चार वर्षांच्या पोरांचं गाणं आहे!”

“मग? पोरांना पाय नसतात?”

ती फिस्सकन हसली, आणि गोळ्याचा लाल पाक थेट त्याच्या पांढऱ्या शर्टावर!

त्यानेच तिला स्टुडिओत नेलं. तबकडी निघाली, कर्णे लावून गाणी वाजवणाऱ्या एका पार्टीने ती उचलली आणि गल्लोगल्ली तो मधल्या ठोक्यांवर नाचवणारा स्का घुमू लागला. रोज संध्याकाळी तो तिला घरापर्यंत सोडायचा... फाटकाशी उगाच रेंगाळायचा. गाणं गाजलं म्हटल्यावर इतरांनीही ते आपापल्या ढंगात गायलं. किंग्स्टनमध्ये हे चालायचंच. पण परवा विरोधी पार्टीची याच गाण्याची नवी तबकडी आली, तिच्यावर ट्रॉम्बोन होता एव्हर्टनचा! गाणं गेलं तर गेलं, पण हा माणूस खोटा निघाला?

रविवारी दुपारी मैदानात दोन्ही पार्ट्यांचे माणूसभर उंचीचे कर्णे समोरासमोर लागले होते. ती तरातरा एव्हर्टनसमोर गेली.

“माझंच गाणं चोरलंस?”

“आधी ऐक तरी, बाई...”

“मेल्या, बाई म्हणू नकोस!”

नवी तबकडी फिरू लागली. ट्रॉम्बोन कसला नाचत होता! ‘सोबत कोण?’ विचारलं मात्र, आणि तो गप्पच झाला. नुसती गिटार छकछक वाजत राहिली.

“पुढची ओळ कुठाय?” तिने विचारलं.

“ती तुझी आहे... मला वाजवताच येईना,” एव्हर्टन म्हणाला. “म्हणून मोकळी सोडली. शेवटी तो प्रश्न पुन्हा येईल. उत्तर द्यायचं असेल तर दे, मेल्ड्रीन.”

ट्रॉम्बोनने पुन्हा विचारलं, सोबत कोण? तिने तबकडी लावणाऱ्याच्या हातातला माइक हिसकावून घेतला.

“मी न् माझा ट्रॉम्बोन!”

सगळं मैदान उसळलं. एव्हर्टन मात्र खुळ्यासारखा बघतच राहिला.

“पुन्हा म्हण ना...”

“रोज म्हणेन,” ती लाजून म्हणाली. “आधी नाच तरी!”