घोरपडीचा अर्थ

डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात एखादी वस्तू तापून लाल होऊ शकते का? मी दहा वर्षांची असताना माझ्या आईचा जीव या एका प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेला होता.

तेव्हा आम्ही मंगळावरच्या वस्तीत राहत होतो. आई बेचाळीस किलोमीटर दूरच्या खाणतळावर एकटी होती. तिथलं हवा शुद्ध करणारं यंत्र बंद पडलं आणि तिच्याजवळ सहा तासांची हवा उरली. नवी गाळणी घेऊन शालनआत्या निघाली. मला सांभाळायला मागे कुणी नव्हतं, म्हणून मीही सोबत. सामान उचलायला दगडू नावाचा यंत्रमानव होता.

आमच्या गाडीचं नाव घोरपड, कारण ती चढाला चिकटून राहायची. आत्या मुळात मराठीची शिक्षिका, पण वस्तीत माणसं थोडी, त्यामुळे गाडीही तीच चालवी. धुळीत वाट दिसावी म्हणून आदल्या आठवड्यात तिने हौसेने दोन मोठे दिवे स्वतः बसवले होते. दगडू तेव्हा मध्येमध्ये बोलत होता, तर विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी तिने त्याला ताकीद दिली होती.

वाटेत धुळीचं वादळ आलं. आत्याने दिवे लावले आणि मोटरचं तापमान दाखवणारा काटा लाल पट्ट्यात गेला. तिने गाडी थांबवली, सगळं बंद केलं. काटा खाली आला. अर्धा तास मोटर निवू दिली, मग पुन्हा निघालो. काटा पुन्हा लाल. असं चार वेळा झालं. आदल्या वर्षी एकाने काटा खोटा म्हणून गाडी दामटली होती. त्याची मोटर जळाली आणि तो परत आला नाही. दिवे न लावता जावं, तर वाटेच्या कडेला दरी होती.

दीड तासाची हवा उरली, तेव्हा रेडिओवर आईचा आवाज आला. ती मोजकंच बोलली.

"वन्सं, पोरीला घेऊन मागे फिरा."

आत्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आम्ही पोहोचणार नाही हे मला तिच्या पाठीकडे बघूनच कळलं. मी रडले नाही. रडण्यानेही हवा खर्च होते, असं मला उगाच वाटत होतं.

"ह्या काट्याचा अर्थच लागत नाही," आत्या स्वतःशी म्हणाली. मग तिने मागे बघितलं. "तुला लागतोय का रे, दगडू?"

दगडूला फक्त यंत्रांची भाषा येत होती. तो म्हणाला, "अर्थ लागलेला आहे. काट्याच्या अर्थाच्या स्क्रूला. दिव्यांचा अर्थही तिथेच लावलेला आहे."

आत्याला वाटलं, बिघडला. मग तिच्या लक्षात आलं, तो गॅरेजमधल्या मिस्त्रींचा शब्द बोलत होता. अर्थ (वीज काम करून ज्या वाटेने परत जाते ती तार) पृथ्वीवर जमिनीला जोडतात. गाडीत तो चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जोडतात. इंग्रजीत अर्थ म्हणजे पृथ्वी. मंगळावर पृथ्वी नाही, तरी शब्द तोच राहिला.

मग मला ते आठवलं. काटा हळूहळू चढत नव्हता. दिव्याचं बटण दाबलं की उडी मारायचा. दुधाचं पातेलंसुद्धा तापायला वेळ घेतं, एवढी मोठी मोटर क्षणात कशी तापेल? आत्याने बटण दाबलं. लाल. बंद केलं. काटा लगेच खाली. प्रत्येक थांब्यावर आम्ही दिवेही बंद करत होतो आणि मोटर निवली असं समजत होतो.

आत्याने मला समजावलं ते असं. मोटरजवळचा संवेदक (ऊन-गार ओळखणारा मणी) एक विद्युतदाब पाठवतो. काट्याचं यंत्र त्या दाबाची उंची आपल्या अर्थापासून मोजतं. उंची कमी, म्हणजे मोटर गरम. दिव्यांची भरमसाट वीज काट्याच्या अर्थाच्या बारीक तारेतूनच परत जाऊ लागली, तशी तिथे गर्दी झाली आणि काट्याच्या पायाखालची जमीनच वर उचलली गेली.

"मोजणाराच पाटावर चढला, मैना, की समोरचा बुटका दिसतो," ती म्हणाली. "आणि मीच त्याला चढवला."

दिव्यांचा अर्थ वेगळा काढायला हवा होता. आत्याने गाडीच्या आतूनच चमच्याने चॅसीवरचा रंग खरवडला, कारण रंगातून वीज जात नाही. पण दिव्यांची सोडवलेली तार तिथे जेमतेम पोहोचत होती, स्क्रूभोवती गुंडाळायला पुरत नव्हती. दगडूचे जाड हात त्या फटीत मावत नव्हते, म्हणून मी रबरी मुठीच्या पकडीने ती उघड्या लोखंडावर दाबून धरली. दिवे लागले. काटा मधोमध होता आणि तिथेच राहिला.

वाट एक तासाची उरली होती, हवा सव्वा तासाची. गाडी खड्ड्यात गेली आणि पकड सुटली की दिवे विझत, पुढे फक्त लाल धूळ दिसे. मग मी अजून जोर लावी. बोटं सुन्न झाली. आत्या एकदाही माझ्याकडे वळून बघत नव्हती. ती वाट बघत होती, मी तार.

अखेर तिने रेडिओ उचलला.

"वहिनी, बोलू नकोस, नुसतं ऐक," ती म्हणाली. "काट्याचा अर्थ लागला. आम्ही येतोय."