तेरावी ओळ

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या शीतगृहात परशराम बागणे हा कामगार बेशुद्ध पडला. आत अमोनिया गळत होता. दारावरचा मापक ‘सुरक्षित’ दाखवत होता. चार वाजून पाच मिनिटांनी कोल्हापुरात वैजयंती पोंक्षे यांच्या पडद्यावर सूचना आली: दोष तुमच्या तुकड्यात आहे.

तुकडा म्हणजे प्रोग्रामचा छोटा, कुणालाही उचलून आपल्या कामात चिकटवता येईल असा भाग. वैजयंतीबाईंनी तो बत्तीस वर्षांपूर्वी शेततळ्याच्या पंपासाठी लिहिला आणि फुकट वाटला. मापकाकडून आकडा आला नाही, तर आधीचाच आकडा खरा धरायचा, एवढंच त्याचं काम. तळ्याच्या पातळीला ते चालून जायचं. जगभरच्या प्रोग्रामरांनी तो उचलला. काहींनी वाचून, बहुतेकांनी न वाचता.

गेल्या दहा वर्षांत असे तुकडे ‘जिवंत’ झाले होते. जिवंत तुकड्याची प्रत्येक प्रत मुळाशी बांधलेली असते. मूळ दुरुस्त केलं, की सगळ्या प्रती त्याच क्षणी बदलतात. तो अधिकार फक्त लिहिणाऱ्याचा, आणि एकही प्रत त्यातून वगळता येत नाही. पडद्यावर प्रतींचा आकडा होता एकतीस लाख. त्यांतल्या दोनशे बारा यंत्रांचे मापक या घडीला गप्प होते. ती यंत्रं कसली, ते यादीत नव्हतं. नुसता क्रमांक आणि तालुका.

एक गोष्ट सूचनेतही नव्हती. मूळ तुकडा तेरा ओळींचा होता. तेरावी ओळ अशी: दहा मिनिटं आकडा आला नाही, तर यंत्र बंद कर. पण प्रोग्रामरांच्या एका संकेतस्थळावर ‘हाताशी ठेवा’ नावाचं पान होतं आणि तिथे बारा ओळींपर्यंतचेच तुकडे लागत. वैजयंतीबाईंनी तेरावी खोडली. तुकडा पानावर लागला, कौतुक झालं. पुढे कित्येक नवख्यांना त्यांनी हौसेने सांगितलं, की नेटकं लिहायचं तर बारा ओळी पुरतात.

त्यांनी तेरावी ओळ आता टाइप केली. तेवढ्यात फोन वाजला. सूचना लिहिणाऱ्याला आणि अपघात झालेल्याच्या घरच्यांना, दोघांनाही जाते, असा नियम आहे.

“मी सगुणा बागणे. तासगावच्या दवाखान्यातनं बोलतीया. ते तुमीच लिवलंय?”

“हो. मीच.”

“केवढं हाय ते?”

“बारा ओळी.”

“आमची किराण्याची यादी मोठी असती, बाई.”

वैजयंतीबाईंनी पडद्यावरची तेरावी ओळ पुन्हा वाचली.

“मला अडाणी बाईला सांगा, काय झालं ते.”

“भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी काटे दिसतातच ना? दारावरचा मापक सकाळीच बंद पडला होता. यंत्र जुन्या काट्यांवर विसंबून राहिलं.”

“मग नीट करा की.”

“एक ओळ घालायचीय. मग मापक गप्प झाला की यंत्र थांबेल.”

“घाला मग. मुहूर्त बघताय व्हय? हितंबी तसंच झालंय. ह्यांच्या श्वासाच्या मशीनचा मापक अर्धा तास गप्प हाय. पर मशीनवाला म्हनला, घाबरू नका, मागच्या आकड्यावर चालू ऱ्हातंय. चांगलं मशीन हाय म्हनला.”

वैजयंतीबाईंनी कळफलकावरचा हात उचलला.

“सगुणाबाई, मशीनवरचा क्रमांक वाचता का?”

त्यांनी एकेक अंक वाचला. यादीत तो एकशे अठ्ठ्याहत्तरावा होता, तालुका तासगाव.

गप्प मापकांच्या दोनशे बारा यंत्रांत हेही आहे आणि ओळ घातली की तेही थांबेल, हे वैजयंतीबाईंनी सांगितलं. मग खोडलेल्या ओळीचंही सांगितलं, ती का खोडली त्यासकट. श्वासाचं दुसरं यंत्र मिरजेहून निघालं होतं. तोवर हाताने दाबून श्वास द्यायच्या फुग्याने भागणार नाही, असं डॉक्टर आधीच सांगून गेले होते.

पलीकडून यंत्राचा आवाज येत होता.

“आन् बाकीची दोनशे?” सगुणाबाईंनी विचारलं.

“गोदामं असतील. दवाखाने असतील. मला कळायला मार्ग नाही. तुम्ही म्हणाल तर यंत्र येईपर्यंत...”

“मला इचारू नका,” सगुणाबाई म्हणाल्या. “लिवलं तवा इचारलं नव्हतं.”

त्यांनी फोन ठेवला नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी मिरजेचं यंत्र तासगावच्या वाटेवर, कवठेएकंदच्या अलीकडे होतं. परशराम श्वास घेत होता. तेरावी ओळ पडद्यावर होती, पाठवलेली नव्हती. गप्प मापकांची संख्या दोनशे एकोणीस झाली होती.