मानेचा होकार

"चार वर्षं मान दुखतेय हो, विभावरीबाई. आता तुम्हीच काय ते बघा." स्नायू-प्रयोगशाळेच्या खुर्चीत बसलेले संचालक डॉ. निरंजन खांबेटे कळवळून म्हणाले.

निर्लज्जपणाची कमाल! जो शिकवण-पट्टा डॉ. विभावरी केळुसकरने नऊ वर्षं खपून घडवला, त्याचं पेटंट या गृहस्थांनी बिनदिक्कत स्वतःच्या नावावर केलं होतं. आणि आता तोच पट्टा तिच्याच हातून गळ्यात बांधून हवा होता. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"सहा आठवडे रोज व्यायाम. चुकवायचा नाही," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिचा सहकारी, अभियंता मुश्ताक पटवेकर भडकला. "मॅडम, याला बरं करणार तुम्ही?"

"करणार तर! मानेच्या आतले स्नायू ढिले पडले की सगळा भार बाहेरच्यांवर येतो आणि ते दुखतात. हनुवटी किंचित आत घेऊन मान हलकेच झुकवली की आतले कामाला लागतात. त्याच क्षणी पट्टा त्यांना बारीकसा विद्युतस्पंद देतो. हजारो वेळा झालं की मेंदूला विचारावंही लागत नाही. ठरलेली खूण ऐकली की मान आपोआप झुकते."

"आणि खूण कोणती ठेवताय?"

"प्रश्नाच्या शेवटचा 'का'."

"म्हणजे काहीही विचारलं तरी हा 'हो' म्हणणार!"

"म्हणू दे मेल्याला. पेटंटच्या चौकशी समितीसमोर म्हणू दे."

रोज सकाळी ती त्यांच्यासमोर बसे. रुग्णाने बघून नक्कल करायची, म्हणून स्वतःही पट्टा बांधून मान झुकवी. "ताण जाणवतोय का?" दोघांच्या माना झुकत. "बरं वाटतंय का?" पुन्हा झुकत. सहा आठवड्यांत खांबेट्यांचं दुखणं खरोखरच पळालं.

पेटंटच्या चौकशीत समितीच्या अध्यक्षा बावडेकरबाईंनी थेट विचारलं, "डॉ. खांबेटे, हा शोध तुम्ही केळुसकरांकडून चोरलात का?"

खांबेट्यांची मान झुकली.

"नाही! नाही!" त्यांचं तोंड ओरडत होतं. विभावरीच्या जिवाला थंडावा मिळाला.

पण गृहस्थ हुशार. ताडकन उठून तिच्याकडे वळले. "पट्ट्याने माझ्या मानेला सवय लावलीय हिने! बाई, मुद्दाम केलंत का?"

विभावरीने दात आवळले. काही उपयोग झाला नाही. तिचीही मान झुकली; अध्यक्षांच्या प्रश्नालाही झुकली असणार, पण तेव्हा सगळे खांबेट्यांकडेच बघत होते. व्यायाम दोघांनी केला होता, हे ती सुडाच्या भरात साफ विसरली होती.

"पाहिलंत?" खांबेटे गरजले. "या पट्ट्याने कुणाकडूनही होकार घेता येतो!"

"दोन्ही होकार मी नोंदीतून काढते," बावडेकरबाई शांतपणे म्हणाल्या. "पण डॉक्टर, पट्टा तुम्ही शोधलात म्हणता. तो असं काही शिकवू शकतो, हे तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता!" खांबेटे रागाच्या भरात बोलून गेले.

या प्रश्नाच्या शेवटी 'का' नव्हता. खांबेट्यांची मान ताठ होती; ही कबुली त्यांच्या स्वतःच्या तोंडची होती.